ताळा आणि सही

नवाचा ताळा घालावयास मला अण्णांनी शिकविले, तेव्हा मी मराठी चौथीत होते. बेरजेत घेतलेल्या प्रत्येक रकमेतील अंक एकमेकांत मिळवावयाचे, त्यांतून नऊ नऊ टाकून द्यावयाचे, उत्तराचेही तसेच करावयाचे, आणि दोन्हीकडे एकच अंक उरला की ताळा बसला. मला त्या खेळाची मोठी मौज वाटे. एका रविवारी त्यांनी मजपुढे पाचसात रकमांची बेरीज उत्तरासह मांडून ठेवली. मी ताळा घातला, तो बसला, आणि मी ऐटीत ‘बरोबर’ म्हणून पाटी पुढे केली. अण्णांनी शांतपणे दाखवून दिले की, उत्तराच्या शेवटी ५४ असावयास पाहिजेत तेथे त्यांनी मुद्दाम ४५ लिहिले होते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली म्हणजे जो फरक पडतो तो नेहमी नवाच्या पटीत असतो, आणि म्हणून नवाच्या ताळ्याला तो दिसतच नाही. ‘ताळा बसला म्हणजे हिशेब खरा, असे तुला कोणी सांगितले?’ एवढेच ते म्हणाले, आणि पाटी पुसून टाकली.

पुढे जन्मभर हिशेब तपासणे हाच माझा व्यवसाय झाला. अण्णांचे ते वाक्य मी पुष्कळदा दुसऱ्यांना ऐकविले. एकदा मात्र स्वतःच विसरले. ती हकीकत सांगावयाची आहे, पण तिच्यापूर्वीचे थोडे सांगितल्यावाचून ती समजावयाची नाही.

अण्णा नारायण पेठेतील एका किराणा दुकानात दिवाणजी होते. रोजकीर्द लिहावी, तीवरून खतावणी करावी, महिनाअखेर तेरीज काढावी आणि दिवाळीत वह्यांची पूजा झाली की नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहावा, असा त्यांचा वर्षाचा क्रम. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले, तेव्हा मी चार वर्षांची होते. पुराची मला आठवण आहे ती एवढीच की, आमच्या वाड्याच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर कपड्यांऐवजी वह्या वाळत होत्या. बाकीचे मागाहून ऐकलेले. शाई फुटली होती, पाने चिखलाने एकमेकांस चिकटली होती, आणि दुकानाची सारी उधारी त्या चिखलात होती. मालक डोक्यास हात लावून बसले. अण्णांनी एक कोरी वही घेतली आणि उधारीचे खाते नव्याने उभे करावयास आरंभ केला. कित्येक गिऱ्हाइके, स्वतःचे घर वाहून गेलेले असता, आपण होऊन आली आणि आपल्याकडे किती देणे निघते ते सांगून गेली. काही आली ती बरेच कमी सांगून गेली. काही आलीच नाहीत. अण्णांनी प्रत्येकाच्या नावापुढे तो सांगेल तो आकडा लिहिला, आणि समासात स्वतःची एक बारीक खूण केली. ती वही पुढे माझ्याकडे आली. त्या खुणांचा अर्थ त्यांनी मला कधी सांगितला नाही. परंतु हिशेब म्हणजे आकड्यांची नव्हे तर माणसांची मोजदाद आहे, हे मला त्या समासावरून जेवढे कळले तेवढे कोणत्याही क्रमिक पुस्तकावरून कळले नाही.

पुणे हे वस्तुतः हिशेबनिसांचेच शहर म्हटले पाहिजे. ज्या पुरुषाच्या बुद्धीवर पेशवाईचा उत्तरार्ध तगून राहिला, त्याचे आडनावच त्याच्या हिशेबी हुद्द्यावरून पडले होते. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून पाहावेत. दक्षिणा किती वाटली, हत्तीला चारा किती घातला, सारे टिपलेले सापडते. त्या कागदांवरील अक्षर मात्र पुरुषांचे. बायका काय हिशेब करीत नव्हत्या? माझी आई गवळ्याच्या रतिबाच्या रेघा गेरूने स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओढी, आणि महिनाअखेरीस अर्ध्या शेराचीही चूक होऊ देत नसे. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवल्यांनी गावोगाव हिंडून वर्गणी मिळविली. परक्यांचे पैसे हाती घेऊन ते जागच्या जागी पोहोचविणे हे हिशेबाचे काम नव्हे तर काय? परंतु घरातील असो की घराबाहेरील असो, बाईच्या हिशेबाला जगात मोल नव्हते, कारण त्याच्याखाली तिची सही नव्हती. हिशेब बाईचा आणि सही पुरुषाची, अशी वहिवाट होती.

विलायतेतही याहून निराळे नव्हते. मेरी हॅरिस स्मिथ नावाच्या बाईंनी लंडनमध्ये स्वतःच्या नावाने हिशेबतपासणीचा धंदा चालविला. तेथील सनदी संस्थेने त्यांचा अर्ज वर्षानुवर्षे नाकारला, आणि १९१९ साली कायदाच बदलला म्हणून १९२० साली त्यांस आत घेतले. तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी गाठलेली होती. आपल्याकडे मुंबईस १९१८ साली हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली. ती मिळवून नोंदणीपर्यंत पोहोचलेली पहिली हिंदी स्त्री मद्रासची, आर. शिवभोगम्. सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांस वर्षभर तुरुंगवास झाला होता, आणि हिशेबनीस होण्याचा निश्चय त्यांनी तुरुंगातच केला असे सांगतात. १९३३ साली त्या परीक्षा उतरल्या. तोच तुरुंगात जाऊन आलेल्यास नोंदणी मिळू नये असा नियम आडवा आला. त्याविरुद्ध त्या भांडल्या आणि जिंकल्या. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची भारतीय संस्था स्थापन झाल्यावर, तिच्या दक्षिण विभागाचे अध्यक्षपदही १९५५ ते १९५८ पर्यंत त्यांच्याकडे होते. मला हा इतिहास ठाऊक झाला तो फार उशिरा. उमेदवारीच्या काळात ठाऊक असता तर थोडा धीर आला असता.

कारण मजवर तुरुंगात जाण्याची पाळी आली नाही, तरी दारे पुष्कळ ठोठवावी लागली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली काढलेल्या आमच्या वाणिज्य महाविद्यालयातून मी पदवी घेऊन बाहेर पडले ते १९७७ साल होते. उमेदवार म्हणून कोणी घ्यावे यासाठी सायकलीवरून मी पेठा पालथ्या घातल्या. एका ठिकाणी गृहस्थ फार सौजन्याने म्हणाले, ‘मुलींना आम्ही घेतो, पण बाहेरगावी तपासणीस पाठविता येत नाही, मग तुम्हांला शिकविणार काय?’ दुसऱ्यांनी विचारले, ‘लग्न ठरले की सोडणार ना?’ अखेर ज्यांनी घेतले, त्यांनी पहिले सहा महिने मला पावत्यांवर खुणा करण्यापलीकडे काही दिले नाही. एका वर्षी हिरवी पेन्सिल, दुसऱ्या वर्षी लाल. मागची खूण पुसून कोणी नवी करू नये म्हणून हा रंगपालट. हजारो पावत्या डोळ्यांखालून गेल्या. कंटाळ्याने जीव जाई. तेरजेत फरक आला की, तो नवाने भागून पाहावा आणि भाग गेला तर उलटे पडलेले अंक शोधावेत. दोनाने भाग गेला तर त्याच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे काय ते पाहावे. असल्या युक्त्या मला अण्णांमुळे येत होत्या, म्हणून कचेरीतील जुने कारकून मला हळूहळू मान देऊ लागले. रविवार पेठेतील एका व्यापाऱ्याच्या दुकानी मी प्रथम एकटी गेले, तेव्हा त्यांनी मला चहा पाजला, पंखा लावला, आणि अर्ध्या तासाने विचारले, ‘ताई, साहेब कधी यायचे?’ मी म्हटले, ‘साहेब यावयाचे नाहीत, मीच.’ त्यांनी पंखा बंद केला. त्या दुकानात पुढे वीस वर्षे मीच जात होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९८२ साली मी परीक्षा उतरले आणि दोन वर्षांनी सदाशिव पेठेत दोन खोल्या घेऊन पाटी लावली. पहिल्या ताळेबंदावर सही करण्यापूर्वी मी ती रद्दी कागदावर दहा वेळा गिरवून पाहिली. अण्णा तेव्हा थकले होते. त्यांनी तो कागद चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, ‘अक्षर बरे आहे.’

आता ती हकीकत. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर उपनगरातील एका पतसंस्थेची तपासणी मजकडे होती. मागील तीन वर्षे मी तेथे जात असे तेव्हा माझा एक शिरस्ता असे: दैनिक ठेवी गोळा करणाऱ्या एजंटांबरोबर एक दिवस बाजारात हिंडावयाचे, आणि दहावीस ठेवीदारांची पासबुके मागून घेऊन संस्थेच्या खतावणीशी ताडून पाहावयाची. याला कंटाळा फार, आणि फळ दिसत नाही. चौथ्या वर्षी संस्थेने संगणक घेतला. हाताने लिहिलेल्या वह्यांऐवजी लांबलचक कागदावर छापलेले हिशेब मजपुढे आले. काय त्यांची स्वच्छता! एक खाडाखोड नाही, एक पैशाचा फरक नाही, तेरीज जणू काचेतून पाहावी तशी जुळलेली. त्याच आठवड्यात माझा मुलगा तापाने आजारी होता आणि मुदत संपत आली होती. पण ही सबब आहे. खरे कारण असे की, त्या जुळलेल्या कागदाने मला भुरळ घातली. मी बाजारात गेले नाही. सही केली.

दीड वर्षाने, पावसाळ्यात, भाजी विकणारी एक बाई माझ्या कचेरीचा जिना चढून आली. तिच्या हाती संस्थेचे पासबुक आणि सूचनाफलकावरून कोणी तिला काढून दिलेली माझ्या अहवालाची प्रत होती. पासबुकात ११,४०० रुपये होते. संस्थेच्या यादीत तिच्या नावावर २,१००. चिटणीस काही पावत्या यंत्रापर्यंत पोहोचूच देत नसे; आणि जे यंत्राला सांगितलेच नाही, त्याचा ताळा चुकणार कसा? तिला वाचता येत नव्हते. तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवले आणि विचारले, ‘बाई, ही खालची सही तुमचीच हाय न्हवं?’

पुष्कळ उत्तरे देता आली असती. तपासनीस हा नमुन्यादाखल तपासतो, तो जामीन नव्हे, असे कायदाही म्हणतो. मी एवढेच म्हटले की, सही माझीच. दुसऱ्या दिवशी सहकार खात्यास पत्र लिहून माझा अहवाल विश्वासपात्र नाही असे कळविले, फेरतपासणी मागितली, आणि दोन महिने पदरमोड करून घरोघर पासबुके गोळा केली. फसवणूक झालेली एकशेचौदा माणसे निघाली. त्यांत बायकाच अधिक. चिटणिसाकडून काही वसूल झाले, काही झाले नाही. त्या भाजीवालीस चार वर्षांत मिळून सात हजारांच्या आसपास परत मिळाले. उरलेले मी देऊ केले, ते तिने घेतले नाही. यानंतर बराच काळ मला कोणत्याही पतसंस्थेने काम दिले नाही. ते ठीकच झाले.

याहून कितीतरी मोठ्या ठिकाणी हेच घडलेले जगाने पाहिले. हैदराबादच्या सत्यम् कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली की, पुस्तकांतील रोख आणि बँकशिल्लक पाच हजार कोटींहून अधिक रुपयांनी फुगविलेली आहे. त्या पुस्तकांवर नामांकित तपासनिसांच्या सह्या होत्या, आणि ती पुस्तके तंतोतंत जुळत होती. न जुळणारा हिशेब बहुधा भोळ्याचा असतो. लबाडाचा हिशेब जुळतोच.

हे सारे आज आठवावयाचे कारण माझ्या कचेरीत उमेदवारी करणारी एक मुलगी. सोलापूरकडची, हुशार, थोडी उतावळी. परवा ती मला म्हणाली, ‘मॅडम, खरं सांगा, अजून दहा वर्षांनी आमची गरज राहील का?’ प्रश्न पोरकट नव्हता. बिलाचे छायाचित्र यंत्रापुढे धरले की ते त्यातील तारीख, रक्कम, कर वाचून योग्य खात्यात टाकते आणि बँकेच्या उताऱ्याशी जुळवूनही ठेवते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून विकणाऱ्याने दाखविलेली विक्री घेणाऱ्याच्या पुढ्यात आपोआप येऊन पडते. प्राप्तिकर खात्याचे तर असे की, गिऱ्हाइकाने आपल्या व्याजाचा आकडा शोधीपर्यंत तो सरकारास ठाऊक झालेला असतो. आणि आता साध्या भाषेत विचारले तर टिपण लिहून देणारी यंत्रेही आली. ऑक्सफर्डच्या दोन विद्वानांनी २०१३ साली सातशेंवर व्यवसायांची कुंडली मांडली होती. तीत यंत्राच्या हाती जाण्याचा संभव त्यांनी हिशेबतपासनिसांच्या बाबतीत शेकडा ९४ आणि हिशेब लिहिणाऱ्या कारकुनांच्या बाबतीत शेकडा ९८ धरला. या भविष्यानंतरही आपल्या देशात सनदी लेखापालांची संख्या वाढून चार लाखांवर गेली, तेव्हा कुंडलीवर किती विश्वास ठेवावा हे ज्याचे त्याने पाहावे.

परंतु त्या दोन आकड्यांतील क्रम मला विचार करावयास लावतो. आमच्या धंद्यात बायका शिरल्या त्या खालच्या पायऱ्यांवरून: नोंदी करणे, खतावणी, पावत्यांवर खुणा. सही करण्याच्या माडीवर पोहोचावयास त्यांस दोन पिढ्या लागल्या. आज उमेदवारांच्या वर्गात मुली मुलांच्या जवळजवळ बरोबरीने बसलेल्या दिसतात, माझ्या बाकावर मी एकटी होते. आणि नेमक्या या वेळी यंत्र खालच्या पायऱ्या काढून नेत आहे. मधल्या पायऱ्यांवाचून माडीवर पोहोचलेल्या माणसाला तेथून काय दिसेल? ज्या हजारो पावत्यांनी मला कंटाळा आणला, त्यांनीच माझा डोळा तयार केला होता. वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत एकाच बैठकीत लिहिलेल्या आहेत हे मला पान उलटताना कळे, ते कसे कळे ते मला सांगता येत नाही. जुलै २०२३ पासून उमेदवारीची मुदतही तीन वर्षांची दोन वर्षे झाली आहे. मुलांचे वर्ष वाचले हे मी मानते. पण वाचलेले ते वर्ष बाजारात हिंडण्याचे होते.

तथापि यंत्राला शिव्या घालणाऱ्या माझ्या समवयस्कांच्या पंक्तीस मी बसणार नाही. त्याने बायकांवर उपकार केलेले मी पाहिले आहेत. वह्या दुकानात अडकून पडल्या होत्या तोवर बाळंतपणानंतर कित्येक हुशार मुली धंद्यातून गेल्या त्या गेल्याच. आता मूल निजल्यावर घरी बसून त्या काम पुरे करतात. (मूल निजल्यावर काम करावयाचे ते बाईनेच का, हा प्रश्न निराळा, आणि तो यंत्राला विचारण्यात अर्थ नाही.) सहीचे मात्र काय झाले आहे पाहा. आता ती बोटाएवढ्या किल्लीत असते, आणि २०१९ पासून प्रत्येक सहीमागे अठरा अंकी क्रमांक घ्यावा लागतो, म्हणजे खोटी सही ओळखू यावी. फार चांगली गोष्ट. पण ती किल्ली कारकुनाच्या खणात टाकून गावी जाणारे सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. जी सही मिळविण्यासाठी मेरीबाई म्हातारपणापर्यंत थांबल्या आणि शिवभोगम् सरकाराशी भांडल्या, तिची ही दशा पाहून मला राग येतो. आणि मग ती पतसंस्था आठवते, आणि राग गिळावा लागतो.

त्या मुलीला मी यातले फारसे सांगितले नाही. मार्चअखेर आला होता. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील एका डाळीच्या व्यापाऱ्याचा साठा यंत्राने ६१२ पोती दाखविला होता, खरेदीविक्रीशी तो बरोबर जुळत होता, आणि ती ते पत्रक सहीसाठी घेऊन मजपुढे उभी होती. मी म्हटले, ‘गोदामात जा आणि मोज.’ ‘मॅडम, जुळलंय की!’ ‘जुळलंय म्हणूनच.’

नाक मुरडून ती गेली. संध्याकाळी पाचास तिचा फोन आला. मागे हमालांचा गलका चालला होता. ‘मॅडम,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज सकाळचा नव्हता, ‘सहाशे सत्तेचाळीस भरली.’

‘कमी नव्हेत? जास्त?’

‘पस्तीस जास्त. दोनदा मोजली. आणि मागच्या रांगेतल्या पोत्यांवरचे शिक्के वेगळेच आहेत.’

मी तिला तेथेच थांबावयास सांगितले, पायांत चपला घातल्या आणि रिक्षा बोलाविली.